रविवारचं खोबरेल

नारळाच्या तेलावर पोट भरणाऱ्या बाईची वेणी गुडघ्यापर्यंत असावी, अशी लोकांची माफक अपेक्षा असते. माझी वेणी, खरं सांगायचं तर, वेणी म्हणायच्या लायकीचीच नाही. उंदीर बिळात शिरताना शेवटी जेवढा दिसतो, तेवढी ती मानेवर दिसते. नवीन गिऱ्हाईक पार्लरमध्ये आलं की आधी आरशात स्वतःला बघतं, मग फळीवरच्या तेलाच्या बाटल्या बघतं आणि मग हळूच माझं डोकं बघतं. त्या नजरेला मी आता सरावले आहे. "सगळं तेल तुम्हालाच जातं, घरात काही उरत नाही," असं मी सांगते. बाई हसते आणि खुर्चीत बसते. निम्मा धंदा तिथेच होतो.

दुसरा विरोधी पुरावा आमच्या घरात लखलखतो. आमच्या ह्यांचे केस लग्नानंतर जे रजेवर गेले ते परत हजर झालेच नाहीत. दर नरकचतुर्दशीला पहाटे मी ह्यांच्या टाळूवर वाटीभर तेल जिरवते आणि हे दरवर्षी तेच म्हणतात, "सविता, काय वाटेल ते कर, पण तुझ्या पाटीवर माझा फोटो लावू नकोस."

सीवूड्सच्या टॉवरांची पाठ जिथे संपते तिथे करावे गावाची पहिली गल्ली सुरू होते. त्या गल्लीच्या तोंडाशी माझं पार्लर. पुढच्या अंगाला मॉलकडे जाणारा रस्ता, मागच्या अंगाला खाडीचा वास. टॉवरमधल्या मॅडम 'नॅचरल' पाहिजे म्हणून येतात, गावातल्या मावश्या डोकं ठणकतंय म्हणून येतात. खुर्ची दोघींना एकच आणि तेलही एकच. मॅडमसाठी मी ते काचेच्या बाटलीत भरते, एवढाच काय तो फरक.

बाहेरच्यांना वाटतं, तेल लावायला काय अक्कल लागते? थोडी लागते. तेल विस्तवावर ठेवायचं नाही. गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून कोमट करायचं. डोक्यावर ओतायचं नाही, भांग पाडत पाडत बोटांच्या पेरांनी आत न्यायचं, नखं लागू द्यायची नाहीत. न्हायच्या आधी लावलेलं तेल केसाला पाणी जास्त पिऊ देत नाही, म्हणून केस राठ होत नाही. कोंड्याची खपली धरलेल्या डोक्यावर तेल थापलं तर कोंड्याचीच दिवाळी होते, त्यांना मी तशीच परत पाठवते. टाचांना, कोपरांना, फुटलेल्या ओठांना खुशाल लावा. नवरीचा मेकअप उतरवायला तर खोबरेलासारखी चीज नाही. मी मूळची रत्नागिरीकडची. आमच्याकडे फणस कापायला बसण्याआधी हाताला आणि विळीला खोबरेल लावतात, कारण तेल असलं की चीक धरत नाही. जे जे चिकटलेलं असतं ते ते खोबरेल सोडवतं. हा गुण चांगला की वाईट, ते पुढे सांगते.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते, त्यामुळे माझा धंदा कधी फार वाढला नाही. तेल आहे त्या केसांची राखण करतं. गेलेल्याला ते परत आणत नाही.

नमुने खूप भेटले. कॉलेजातली एक मुलगी तोंडभर पुटकुळ्या घेऊन आली. रोज चेहऱ्यावर खोबरेल फासून झोपत होती.

"ताई, व्हिडिओतली ती पण रात्रभर ठेवते!"

"तिचा चेहरा व्हिडिओत राहतो. तुझा नवी मुंबईत राहतो. इथे घाम येतो बाई."

टॉवरमधले एक निवृत्त साहेब दर महिन्याला मोठी बाटली न्यायचे. केस तर डोक्यावर औषधालाही नव्हते. एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, "रोज सकाळी तोंडात घोळवतो. ऑइल पुलिंग."

"काही फरक पडला का?"

"मला नाही. पण तेवढा वेळ घरात शांतता असते. बायकोनेच सुचवलंय."

असल्या गोष्टी मी घरी रंगवून सांगते. कुणाचं बारसं असो की तेरावं, जेवणं झाली की, "सविता, ते तेल घोळवणाऱ्याचं सांग ना," अशी फर्माईश होते आणि मी सुरू होते. प्रणालीची गोष्ट मात्र मी त्यांना कधी धड सांगितली नाही. एकदा सुरुवात केली होती. चुलत जाऊ म्हणाली, "वहिनी, दिवाळीत हे कशाला?" आता इथे दिवाळी अंकातच लिहिते आहे. जाऊबाई दिवाळी अंक वाचत नाहीत.

प्रणाली खाडीपलीकडच्या जासई गावची. सीवूड्स स्टेशनजवळच्या एका ऑफिसात कामाला होती. शनिवारी सुटली की माझ्याकडे भुवया कोरायला, केसांची टोकं कापायला यायची. केस म्हणजे काय केस! मोकळे सोडले की खुर्चीची पाठ दिसेनाशी व्हायची. पहिल्याच दिवशी मी माझी बाटली पुढे केली, तर ती हसली.

"ताई, राग नको मानू. तेल आमची बेबीआत्या लावते. दर रविवारी. दुसऱ्या कोणाचा हात माझ्या डोक्याला चालत नाही."

बेबीआत्या म्हणजे तिच्या वडिलांची बहीण. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं, ती भावाकडे परत आली. जासईत तेव्हा शेती होती. प्रणालीची आई, रंजनाताई, शेतावर जायची आणि पोर आत्याच्या मांडीवर असायची. पुढे शेतं कंटेनर यार्डांत गेली, आई घरी आली, पण पोरीचं डोकं आत्याकडेच राहिलं. ते डोकं हातात घेतलं की मला आत्याचा हात कळायचा. एकही जागा कोरडी नाही, एकही जागा तेलाने थबथबलेली नाही. मी हे काम पैसे घेऊन करते आणि तरी मला तसं जमत नाही, हे मनात यायचंच.

एका शनिवारी गावातल्या सुमनमावशी पाय चोळून घ्यायला आल्या होत्या. त्यांच्या टाचांच्या भेगांना मी खोबरेल लावत होते. समोर प्रणाली केस विंचरत उभी होती. मावशींनी पाय माझ्या हातातून काढूनच घेतला.

"कोनाची गो पोर ही?"

"जासईची आहे, मावशी."

"आगऱ्याची?"

"हो."

"मंग सांगत काय नाय! आमचा रोशन नारलासारखा बसलाय घरान, आनि तू हितं अशी पोर लपवून ठेवलीस?"

पुढचं महिनाभरात जमलं. मावशी गावभर सांगत सुटल्या, "केस बगूनच पसंत केली मी. बाकी काय बगलाच नाय." साखरपुड्याला माझा मान झाला, साडी मिळाली. आमच्या ह्यांना मी म्हटलं, माझ्या पार्लरमध्ये लग्नंही जमतात. हे म्हणाले, "स्वतःचं सोडून." मी किती हसले तेव्हा!

साखरपुड्यानंतरच्या एका शनिवारी टोकं कापण्यासाठी मी तिचे केस वर घेतले आणि माझं बोट घसरलं. शेंडीच्या जागेच्या थोडं खाली, रुपयाएवढी गुळगुळीत जागा. केस तुटलेला नाही, खरूज नाही, लाली नाही. नुसती कातडी, बाळाच्या गालासारखी. आमच्या धंद्यात डोळ्यांच्या आधी बोटांना कळतं. त्याला चाई म्हणतात. शरीर स्वतःच्याच केसांवर उठतं, असं डॉक्टर सांगतात. त्यात कुणाचा दोष नसतो आणि तेलाचा उपयोगही नसतो.

"मागच्या रविवारी नव्हतं हे," प्रणाली म्हणाली. "आत्याला कळलं असतं."

मी तिला त्याच दिवशी कातडीच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं. ती गेली. इंजेक्शनं झाली, मलमं झाली. एक चट्टा थांबायचा, दुसरा उठायचा. रंजनाताई माझ्याकडे आल्या, त्या खुर्चीत न बसता दाराला टेकून उभ्या राहिल्या.

"सविताताई, तुमच्या तेलान काय घालता तो सगला घाला. जास्वंद म्हना, कांदा म्हना. काय पन करा."

"ताई, तेलाने हे येत नाही. मी तुम्हाला विकणार नाही. तुम्ही आधी मुलाकडच्यांना सांगा."

"आनि मंग?"

सुमनमावशींनी काय बघून पसंत केली होती, ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

"लगीन होऊ दे," त्या म्हणाल्या. "मंग डॉक्टर, मंग सगला. आनि बेबीला बोलू नका. तिच्या पोटान काय रवत नाय. जा पोटान जातं ता डोल्यातून बाहेर येतं."

पण बेबीआत्याचा रविवार कसा चुकवायचा? त्यावर रंजनाताईंनी उपाय काढला आणि तो उपाय म्हणजे मी. पार्लरवालीने लग्नापर्यंत घरचं तेल बंद करायला सांगितलंय, सगळं तीच करणार, असं आत्याला सांगण्यात आलं. प्रणाली डोक्याला ओढणी बांधून फिरू लागली. 'ट्रीटमेंट चालू आहे' म्हणे. पत्रिका द्यायला आत्या एकदा करावे गावात आली होती, तेव्हा पार्लरच्या दारात क्षणभर थांबली. बुटकी, काळीसावळी, हातात बांगडी नाही. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "तूच हाय ना ती, तेल बंद करनारी?"

मी मान हलवली.

"सोताचे डोक्यावर पन बंदच केलाय वाटतं," असं म्हणून ती निघून गेली. मला हसू आलं आणि लाजही वाटली.

लग्न जवळ आलं तेव्हा वरच्या भागात फारच थोडे केस उरले होते. वाशीहून पॅच आणला, म्हणजे पातळ जाळीवर विणलेले खरे केस. तो बसवतात चिमट्यांनी, पण चिमट्याला धरायलाही केस लागतात. म्हणून मी तो दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्ट्यांनी आणि गोंदाने बसवला. बसल्यावर कुणाच्या बापाला कळलं नसतं. प्रणालीने आरशात मान इकडे तिकडे फिरवून बघितली आणि म्हणाली, "ताई, हिला मी ओळखते असं वाटतंय."

आणि मग मला आठवलं ते तेल. आगऱ्यांच्या हळदीत आधी नवरीला तेल चढवतात. सवाष्णी आंब्याच्या पानाने पायाला, गुडघ्याला, खांद्याला आणि शेवटी माथ्याला तेल लावतात. काही जणी लावत नाहीत, चोळतात. माया असली की हात भरून घेतात. आणि खोबरेल गोंदाचं काय करतं ते फणस कापणाऱ्या बाईला सांगायला नको. ज्या तेलाचं मी आयुष्यभर कौतुक केलं, तेच त्या दिवशी त्या पोरीच्या डोक्यापासून लांब ठेवायचं होतं.

या लग्नांत धवळे गात विधी चालवणारी एक बाई असते, धवलारीण. भटजी नंतर येतो, हळदीत शब्द तिचा चालतो. रंजनाताई आणि मी तिला जाऊन भेटलो. म्हातारी शहाणी होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाच सवाशनी मी निवडतंय. पाचींना सांगतंय, मेकप हाय, माथ्याला पान नुसता दाकवा, लावू नका. सहावीला मी उटू देत नाय."

पाच जणी ठरल्या. पाचींना बजावलं. आम्ही दोघी निर्धास्त झालो. बेबीआत्याला काहीच सांगितलं नव्हतं आणि सांगायची गरजही कुणाला वाटली नाही. ती विधवा. तेलाच्या ताटाजवळ ती येणारच नव्हती. रीतीने तिला बाजूला ठेवलेलं होतं, आम्हीही हिशेबातून तिला तसंच बाजूला ठेवलं.

हळदीच्या संध्याकाळी मी जासईला गेले. अंगणात मांडव, मांडवामागे यार्डात एकावर एक चढवलेले कंटेनर, निळे, तांबडे, गंजलेले. डीजे वाजत होता. करावेहून उष्टी हळद घेऊन रोशनची थोरली बहीण आणि त्याच्या चुलत्या आल्या होत्या. त्यांना पुढे खुर्च्या दिल्या. प्रणाली पाटावर बसली. मी तिच्या मागे, पदर सावरण्याचं निमित्त करून उभी राहिले. धवलारणीने गळा लावला, डीजे थांबला. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचही जणींनी माथ्यावर नुसतं पान दाखवलं. माझा श्वास मोकळा झाला.

तेवढ्यात प्रणालीने मान वळवली. स्वयंपाकघराच्या दारात बेबीआत्या उभी होती, चौकटीला धरून, अर्धी आत, अर्धी बाहेर.

"आत्या तिकडं का उभी?" प्रणाली म्हणाली. "आत्या, ये ना."

"नको गो बाय. मी हितनंच बगतंय."

"माझ्या डोक्याला आजपर्यंत कोणी तेल लावलं? ये म्हणते ना!"

मग प्रणालीच्या मैत्रिणी ओरडल्या, "आत्या! आत्या!" पोरीबाळींनी टाळ्या धरल्या. सवाष्णींतलीच एक म्हणाली, "जाऊ द्या ना, आता कोन बगतो ता सगला!" धवलारणीने माझ्याकडे बघितलं. मी रंजनाताईंकडे बघितलं. सगळ्या बायका एका विधवेला मानाने पुढे बोलवत असताना 'नको' कोणी म्हणायचं आणि कोणत्या तोंडाने? मी म्हटलं नाही. प्रणाली मान मागे करून हळूच मला म्हणाली, "ताई, मी तिला सांगते, पुढेच लाव म्हणून."

तिला सांगायला वेळच मिळाला नाही. आत्या आली. ताटातलं आंब्याचं पान तिने उचललंच नाही. एवढे महिने अडवलेले सगळे रविवार त्या हातात होते. तिने दोन्ही तळवे तेलात बुडवले आणि पोरीच्या माथ्यावर ठेवले, दाबले आणि घरात चोळायची तशी चोळू लागली. डोळे मिटलेले. प्रणालीनेही डोळे मिटले. मी आत्याच्या दंडाला हात लावला, "आत्या, पुरे," म्हटलं. तिने कोपराने माझा हात झटकला. पार्लरवाली पुन्हा आडवी आली, असं तिला वाटलं असणार.

मग ते सगळं एकदम सुटलं. जाळी, पट्ट्या, लांब केस, तेल ठिबकणारं ते सगळं आत्याच्या हातात आलं. खाली पोरीचं खरं डोकं होतं.

आत्याला पॅच म्हणजे काय हे ठाऊकच नव्हतं. तिला वाटलं, केस गळाले. तिच्या हाताने. ती हातातल्या केसांकडे बघत राहिली आणि मग असं ओरडली की अजून माझ्या कानात आहे.

"माजा रांडवेचा हात लागला! माजे पोरीचे केस गेले गो!"

उष्टी हळद घेऊन आलेल्या बायका खुर्च्यांवरून उठल्या. रोशनच्या बहिणीने ताट खाली ठेवलं नाही. तिथेच उभं राहून तिने भावाला फोन लावला, स्पीकरवर. "तुला ठाव होता काय रं, हिचे डोक्याला काय झालाय ता?" तिकडून रोशन म्हणाला, "नाय."

रंजनाताईंनी पाय धरले. काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी वडीलधाऱ्यांची बैठक झाली आणि लग्न मोडलं.

बैठक बाहेरच्या खोलीत चालू होती तेव्हा मी आत प्रणालीच्या डोक्याला चिकटलेला उरलासुरला गोंद काढत होते. तो काढायलाही खोबरेलच लागतं. कापसावर घ्यायचं, थोडं मुरू द्यायचं, मग हळूहळू फिरवायचं, ओढायचं नाही.

"रोशनला माहीत होतं, ताई," ती म्हणाली.

माझा कापूस थांबला.

"साखरपुड्यानंतर लगेच सांगितलं मी. डॉक्टरकडे पण आला होता एकदा. म्हणाला, घरी नको बोलू, लग्न झालं की आईला मी समजावतो. टेन्शन नको घेऊ."

"मग काल तू का नाही बोललीस?"

"एक 'हो' बोलायचं होतं त्याला. तेवढं पण नाही जमलं. आता भांडून काय घेऊ त्याच्याकडून?"

बाहेरून कुणाचा तरी चढलेला आवाज आला. ती दाराकडे बघत म्हणाली, "लग्न त्याने मोडलं. पण आत्या काल रात्रीपासून जेवली नाही. मी तिला सगळं सांगितलं. आजाराचं, पॅचचं, रोशनचं. ती काय म्हणाली, माहितीये? 'माजा हात लागला नसता, तं त्याला कोनी इचारलाच नसता.'"

मी नवा कापूस घेतला आणि तेलात बुडवला.

सुमनमावशी मग एकदाच पार्लरमध्ये आल्या. बसल्या नाहीत.

"तुला ठाव होता?"

"हो, मावशी."

"साकरपुड्यानंतर माजे पायाला तेल लावत व्हतीस, तवा पन?"

"तेव्हाही. मावशी, इथे बसणाऱ्या बाईच्या डोक्याचं मी दुसऱ्या बाईला सांगत नाही. तुमचंही कुणाला सांगितलं नाही कधी."

"माजा काय हाय सांगन्यासारका?" त्या म्हणाल्या आणि गेल्या. त्यांच्या मुलाचं माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पण ते प्रणालीने मला गोंद काढताना सांगितलेलं, म्हणून तेही डोक्याचंच. मी गिळलं. मावशी आता दुसरीकडे जातात. मधल्या काळात त्यांच्या टाचा पुन्हा फुटल्या आहेत, रस्त्यात दिसतात.

प्रणालीच्या उपचारांचं मी लिहीत नाही. चालू आहेत. कधी चार केस उगवतात, पांढरे, मऊ, आणि पुन्हा जातात. तिने आता सगळं डोकं साफ करून टाकलंय. ऑफिसला तशीच जाते. पहिल्यांदा लोक बघायचे, आता बघत नाहीत, असं ती म्हणते. मला वाटतं, बघतात.

बेबीआत्याने त्या दिवसापासून खोबरेलाला हात लावलेला नाही. स्वतःच्याही डोक्याला लावत नाही. शेजारणीचं तान्हं कुणी मांडीवर ठेवायला गेलं तर हात मागे घेते. देवापुढची खोबरेलाची पणतीसुद्धा रंजनाताईंनाच लावावी लागते.

एका रविवारी दुपारी प्रणाली आत्याला घेऊन पार्लरला आली. आत्या आत यायला तयार नव्हती, दाराशी स्टुलावर बसली. प्रणाली खुर्चीत बसली आणि म्हणाली, "ताई, तेल लावा."

"अगं, तेलाने काही..."

"माहितीये. लावा." मग मान मागे टाकून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "वाईट लावा."

"म्हणजे?"

"मुद्दाम वाईट. तिला दुसऱ्याचं काम बघवत नाही. चिडली की कदाचित उठेल."

आयुष्यभर जे नीट करायला शिकले, ते वाईट करणं किती अवघड जातं! हात आपसूक नीट चालतो. मी तेल एकाच जागी ओतते, कपाळावर ओघळू देते, कानामागची जागा कोरडी ठेवते. दर रविवारी. बाकीची गिऱ्हाइकं बघतात आणि मनात काय ते ठरवतात. दोघी-तिघींनी माझ्याकडे तेल लावून घेणं सोडलंही. आमचे हे म्हणतात, रविवारी धंदा बंद ठेव, निदान अब्रू तरी वाचेल.

आत्या स्टुलावरून सुरू होते.

"अगो, गालावर आला बग सगला! पूस!"

मी पुसते, तेही अर्धवट.

"कानामागं कोन लावल, तुजा बापूस? तिकडं नाय, वर. वर गो! बोटान ताकद नाय काय तुजे? पार्लर कोनी काडून दिला तुला?"

प्रणाली डोळे मिटून बसलेली असते, हसू दाबत. मी आणखी वाईट लावते.

गेल्या रविवारी मी फारच वाईट लावलं. आत्या ताडकन उठली. स्टूल मागे सरकलं. "हो बाजूला!" म्हणत ती माझ्या खांद्यापर्यंत आली. मी वाटी तिच्यापुढे धरली. प्रणालीचं हसू थांबलं. आत्याचे दोन्ही हात त्या उघड्या डोक्याच्या वर आले, अगदी जवळ. मग तिची नजर स्वतःच्या तळव्यांवर गेली. तिने ते पदराला पुसले. त्यांवर काहीच नव्हतं, तरी पुसले. आणि मागे जाऊन स्टुलावर बसली.

मी वाटी धरून तशीच उभी राहिले.

"लाव," ती शेवटी म्हणाली. "तू लावतेस ता बरा हाय."